हिल्डाबाईंनी वाचलेला कागद

तंजावूर, बुधवार, २४ डिसेंबर १९९७

पहिली आली ती वत्सला. पोरीच्या पायातले बूट अजून निघाले नव्हते, सूरी टॅक्सीवाल्याशी पेटीवरून हुज्जत घालतच होता, तोवर ही ओरत्तनाडूहून पहिल्या बसनं दारात हजर. माझी नणंद खरी, पण हिला बातमी कळायला पोस्ट लागत नाही. बाहेरच्या तिण्णैच्या ओट्यावर टेकते न टेकते तोच विचारते कशी, "वहिनी, जर्मनीची सून दिसत नाही ती?"

मी म्हटलं, "रजा नाही मिळाली."

"नवऱ्याला कंपनीत रजा मिळते, आणि हिला औषधाच्या दुकानात नाही?"

"वत्सले, काफी घे."

काफी घेतली, दोनदा घेतली, तरी प्रश्न संपेनात. मागाहून मधल्या घरातली माणसं आली, गल्लीतल्या दोन म्हाताऱ्या पाट्ट्या आल्या, सगळ्यांनी पोरीच्या गालाला हात लावले. पोर शहाणी, उभी राहिली गप.

अगे दिव्यश्री, आशीर्वाद लिहायचा राहिलाच बघ. तुला अनेक आशीर्वाद. तू आली नाहीस, पण पोरीला पाठवलीस, हे मोठं केलंस. लावण्या आल्यापासून माझं चित्त जाग्यावर नाही. काल सांबारात मीठ दोनदा घातलं, सूरीनं मुकाट्यानं खाल्लं, पोरीनं सांगितलं. तिचे केस कापलेस ते पाहिलं. बरं केलंस, उवा होत नाहीत. मी काही म्हणत नाही.

बोलते कमी, कळतं सगळं. मराठीत सुरू करते, जर्मनमध्ये संपवते. पहाटे माझ्याबरोबर उठून दारात कोलमची रांगोळी घालायला बसते. मार्गळी महिना आहे, शेणाच्या गोळ्यावर भोपळ्याचं फूल खोचायचं असतं, ते काम तिनं घेतलंय. फूल खोचता खोचता काल तिनं मला तुमच्या त्या प्रवासाची गोष्ट सांगितली. तुमच्या लग्नाला दहा वर्षं झाली म्हणून दोन रात्रींसाठी गेलात ना, ट्यूबिंगन की काय त्या गावाला? घट बसल्याच्या दुसऱ्या दिवशी घर बंद करून गेलात, तेव्हा दिव्याचं काय केलंत ते मी विचारत नाही. तिकडे सुट्टी तेव्हाच होती म्हणे.

पोरीनं गाव फार छान सांगितलं. नदी लहान, आपल्या नव्या कालव्याएवढी. पाण्याला चिकटून घरं, पिवळी, गुलाबी, भिंतींवर लाकडाच्या पट्ट्या, आणि एकही घर सरळ उभं नाही, सगळी एकमेकांच्या खांद्यावर टेकलेली. वर डोंगरावर किल्ला. पाचशे वर्षांचं कॉलेज. मी म्हटलं, "पाचशे वर्षं शिकतायत, अजून शिकून झालं नाही का?" तर हसली. लांब होडी, मागे एक माणूस उभा राहून बांबूनं ढकलतो. सूरीनं हौसेनं बांबू घेतला, बांबू चिखलात रुतला, होडी पुढे गेली आणि सूरी गुडघाभर पाण्यात! तू इतकी हसलीस म्हणे, की डोळ्यांतून पाणी आलं.

मग पोर म्हणाली, "त्याच्यानंतर अम्मा हसली नाही."

"का गं?"

"दुसऱ्या दिवशी हिल्डाबाईंनी तुझा कागद वाचला, अज्जी. अम्माच्या पर्समध्ये होता, प्लास्टिकच्या कव्हरात."

तेवढ्यात सूरी बाहेर आला आणि पोरीला म्हणाला, "आत जा, दात घास." दात घासून झाले होते तिचे.

माझा कागद पर्समध्ये ठेवतेस? आणि प्लास्टिकात घालून? खरं सांगते, मला इतकं बरं वाटलं, की कोलमची ओळ वाकडी गेली. माझी सगळी पत्रं सूरी तुला वाचून दाखवतो हे ठाऊक होतं. तुला बाळबोध अक्षर येत नाही, मला तमिळ लिहिता येत नाही, म्हणून त्याच्यावाचून आपलं चालत नाही. पण तू एखादा जपून ठेवशील असं कधी वाटलं नव्हतं. तुझ्या वागण्यावरून तरी नाही. कुठला कागद गं तो? आणि या हिल्डाबाई कोण?

हा कागद सूरीपाशीच देते. तिकडे आला की तो वाचून दाखवील, नेहमीसारखा.

अंबा

तंजावूर, सोमवार, २९ डिसेंबर १९९७

हा कागद आणि मागचा, दोन्ही सूरीच्या हाती देत नाही. उद्या स्वतः पोस्टात टाकते. अक्षर मोठं काढलंय. लावण्या सांगते, त्या बाईंनी तुला मुळाक्षरांचा तक्ता पाठवलाय आणि तू रोज रात्री जेवणाच्या टेबलावर गिरवत बसतेस. मग हळूहळू का होईना, लागेल तुला. कोणाकडून वाचून घेऊ नकोस.

झालं काय ते लिहिते.

काल मी रव्याचे लाडू केले. पोरीनं वास घेतला आणि विचारलं, "हे कडू नाहीत?"

"लाडू कडू कसे गं असतील?"

"तुझे असतात की. मेथीचे. तू अम्माला शिकवलेस ते. मी छोटी होते तेव्हा अम्मा रोज एक खायची आणि रडायची. मी म्हणायची टाकून दे, तर म्हणायची, अज्जीनं सांगितलेत."

मी तुला कधी लाडू शिकवले? मी देवासमोर उभी राहून आठवलं. दहा वर्षांत तुला मी लाडवाचा एक दाणासुद्धा लिहून पाठवलेला नाही.

सूरी मागे विहिरीपाशी दाढी करत होता. मी जाऊन पाटावर बसले. म्हटलं, "मेथीचे लाडू कोणी सांगितले तुझ्या बायकोला?"

आरशात बघत राहिला. अर्धा गाल साबणाचा, अर्धा कोरडा.

"अम्मा, पोरीचं काय ऐकतेस."

"सूर्यनारायणा." हे पूर्ण नाव मी त्याला शाळेतून पळून आला तेव्हा एकदा म्हटलं होतं.

मग त्यानं वस्तरा खाली ठेवला. म्हणाला, "तू लिहिलेलं मी तिला कधीच वाचलं नाही. एकदाही नाही."

"म्हणजे? गाळलंस?"

"गाळलं असतं तर तिला कळलं असतं. ती शेजारी बसायची. कागद भरलेला दिसायचा. बोट कुठल्या ओळीवर आहे ते बघायची. मग ओळीएवढं काहीतरी बोलावं लागायचं. तू दिव्यश्रीचं नाव लिहिलं असलंस, की तिथे तिचं नाव यायला हवं. तेवढं अक्षर तिला ओळखू यायला लागलं होतं."

"मग काय बोलायचास?"

"चांगलं."

दिव्यश्री, मी आधी कोणावर रागावले असेन सांग? त्याच्यावर. माझी दहा वर्षांची पत्रं! दिवाळीचं, वरुषपिरप्पूच्या नव्या वर्षाचं, तुझ्या सासऱ्यांच्या वर्षश्राद्धाचं. मी लिहावं, चष्मा पुसून पुसून लिहावं, आणि यानं तिकडे आपल्या मनचं बोलावं! मी ओरडले, "म्हणजे दहा वर्षं तुझ्या बायकोची सासू तूच होतास की रे!"

हसला नाही. म्हणाला, "होतो. आणि बरी सासू होतो, अम्मा."

मी तिथून उठले. वांगी चिरायला घेतली, चिरून झाली तरी चिरत होते.

मग एकेक उलगडायला लागलं. मी तुला लिहावं, की तू माझ्या मुलाला परदेशाची चटक लावलीस, आणि दोन महिन्यांनी तुझा लोकरी स्वेटर यावा. मी लिहावं, की घरात देव न ठेवणारी बाई कसली घरवाली, आणि तुझ्याकडून माझ्या गुडघ्यांसाठी मलम यावं. ते आलं की मला काय वाटायचं ठाऊक आहे? ही मला हिणवते. मी बोलते आणि ही वस्तू फेकून मला गप्प करते. ते स्वेटर मी वापरले नाहीत. इथे कुठली थंडी, हे लोकांना सांगायचं कारण. वत्सलाला एक दिला, ती तो घालून देवळात मिरवली. बाकीचे पेटीत आहेत.

तू उत्तर देत होतीस. मी न लिहिलेल्या पत्राला उत्तर देत होतीस. मला ते इतक्या वर्षांनी वांगी चिरताना कळलं.

आणि तू सांगायचीस ते सूरी बाळबोधीत लिहायचा, त्यातही बदल करायचा म्हणे. तू लिहायला सांगायचीस, "अत्या, तुम्ही विसावा घे म्हणालात, बरं वाटलं." ते इकडे आलं असतं तर मी विचारलं असतं, मी कधी म्हणाले? म्हणून तो लिहायचा, "दिव्यश्री बरी आहे, नमस्कार सांगते." मी म्हणायची, बघा, दोन ओळींच्या वर सासूला लिहवत नाही हिला.

तू म्हणशील, समोर आलात तेव्हा तुम्ही गोड कशा होतात? सासरे गेले तेव्हा तू पंधरा दिवस इथे होतीस, मी तुला एक वाकडा शब्द बोलले नाही. ते खरं. समोर माणूस असलं की माझी जीभ उचलत नाही. लहानपणापासून तशी. आजोबांनी मला पोथी वाचण्यापुरतं बाळबोध शिकवलं, शाळा तिसरीत सुटली. पण कागद पुढे आला की मला तोंड फुटतं. जे घरात कोणाला बोलता आलं नाही ते सगळं तुझ्या वाट्याला गेलं.

हिल्डाबाईंनी वाचला तो कागद कुठला, हे सूरीनं सांगितलं. ९५ सालचा, तुझं ते पाचव्या महिन्यातलं गेलं त्यानंतरचा. त्यात मी काय लिहिलं होतं ते आता मला आठवत नाही. रागात माणूस काय वाटेल ते लिहितं. आठवत नाही.

अंबा

तंजावूर, सोमवार, ५ जानेवारी १९९८

आठवतं.

मागच्या कागदात खोटं लिहिलं. पोस्टाच्या पेटीत टाकून घरी आले. सूरीला म्हटलं, पेटीतून परत काढता येतं का? म्हणाला, नाही. बरं झालं. तोही राहू दे तुझ्यापाशी, हाही राहू दे.

लावण्यानं मला सगळं सांगितलं, मीच विचारलं. सूरी बँकेत गेला होता. पोर पायरीवर बसली होती, गुडघ्यावर हनुवटी ठेवून. म्हणाली, त्या बाईंच्या घरी तुम्ही उतरला होता. म्हातारी, पांढरे आखूड केस, त्या कॉलेजात हिंदुस्थानच्या भाषा शिकवायच्या, आता भाड्यानं खोल्या देतात. सकाळी ब्रेड, लोणी, मुरंबा मांडला होता. तुझं कुंकू आणि गळ्यातलं बघून त्यांनी एकदम मराठीतच विचारलं, "तुम्ही कुठल्या?" तू इतकी दचकलीस की चमचा पडला. तंजावूर म्हटल्यावर त्यांनी टाळी वाजवली. पुण्याला तीन वर्षं राहिलेल्या, पण तंजावूरची मराठी कधी ऐकली नव्हती. "बोला, बोला" म्हणाल्या. तू बोललीस. मग त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे लिहितातही का?"

आणि तू पर्स उघडलीस.

"अम्मा म्हणाली, माझ्या सासूबाईंचं आहे, वाचा, फार चांगलं आहे," पोर म्हणाली. "अम्मा अशी बसली होती, अज्जी." आणि तिनं पाठ ताठ करून, हात मांडीवर ठेवून दाखवलं, वर्गात बक्षीस घ्यायला बसतात तसं.

त्या पोरीला ठाऊक नाही तिनं मला काय दाखवलं.

हिल्डाबाई सावकाश वाचायला लागल्या. आपली मराठी त्यांना नवी, म्हणून आधी अर्थ लागत नव्हता, नुसती अक्षरं वाचत होत्या. चार ओळी झाल्या आणि थांबल्या. चष्मा काढला. म्हणाल्या, "पुढचं अक्षर मला लागत नाही."

तू म्हणालीस, "लागतंय तुम्हांला. वाचा."

त्यांनी वाचलं. सूरी न्हाऊन जिन्यानं खाली येत होता, टॉवेल खांद्यावर. मधल्या पायरीवर थांबला. पोर म्हणाली, "अप्पा खाली आलेच नाहीत. तिथेच बसले."

आता मी लिहिते, काय होतं ते. तुला पाठ असेल, तरी मी लिहिते. नाव सूरीचं घातलं होतं, ऐकायची तू होतीस.

"उभ्या उभ्या नोकरी केली आणि माझा नातू पायाखाली घातला. अशीला विसावा कसला. पापनाशमला तिच्या आईकडे टाक, आणि तू सुटा हो."

सूरीनं तुला वाचून दाखवलं होतं, "दिव्यश्री, फार उभी राहू नको. विसावा घे. पापनाशमची आई जवळ नाही, तर मी आहे असं समज. मेथीचे लाडू कर." माझेच शब्द उचलले, उभी, विसावा, पापनाशम, आणि त्यांची तोंडं फिरवली. मी ऐकलं आणि मला लाज वाटली, की माझ्या मुलाला हे सुचलं आणि मला नाही.

रागात लिहिलं हेही खरं नाही. रागात माणूस एकदा लिहितं. मी आधी कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे कच्चं लिहिलं. तिथे "पोर गमावलं" असं होतं. ते वाचून मला फिकं वाटलं. मग खोडलं आणि "पायाखाली घातला" केलं. मग चांगल्या कागदावर उतरवलं. म्हणजे मी बसून, विचार करून, तुला लागेल असा शब्द शोधला. तीन यत्ता शिकलेल्या बाईनं. एवढी हुशारी मी आयुष्यात दुसऱ्या कशाला लावली नाही.

माझं दुःख होतं, नातू हवा होता, हे सगळं मी लिहू शकते. वत्सला तेच म्हणते, "वहिनी, जुन्या माणसांना असतंच की हो." मी तिला म्हटलं, तू लाडू खा. कारणं लिहिली की तू मला समजून घ्यायला बसशील, तुझा स्वभाव तसा. ते नको. तूच पाच महिने वाढवलेलं पोर ते, आणि मी त्याला माझा नातू म्हणून तुझ्यावर चालून आले.

सूरीला मी माफ कर म्हणत नाही तुला. तुझं तू बघ. पोर सांगते, तो हॉलमध्ये सोफ्यावर झोपतो, आणि तुम्ही दोघं फक्त दूध आणलं का, वीज बिल भरलं का, एवढंच बोलता. मी त्याला विचारलं, "हे असं किती दिवस?" म्हणाला, "ती म्हणते, तुमच्या तोंडचं आता कुठलंच वाक्य खरं वाटत नाही." मला त्याचं डोकं मांडीवर घ्यावंसं वाटलं. घेतलं नाही. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, मिशा पिकल्यात.

परवा निघतात. लावण्या म्हणते, मोठी सुट्टी लागली की येते. मी हो म्हटलं, पण हे तिच्या हातात नाही आणि माझ्याही नाही. पोरीला माझ्यापाशी पाठवायची की नाही, हे तू ठरवायचं. नाही पाठवलीस तर मी कोणाला दोष देणार नाही. वत्सलाला काय सांगायचं ते मी बघीन.

अंबा

तंजावूर, गुरुवार, १२ मार्च १९९८

पोस्टमननं तुझं पत्र दिलं तेव्हा मी उन्हात तांदळाचे वडाम वाळत घालत होते, हाताला पीठ. पाकिटावर इंग्रजी, म्हणून वाटलं कंपनीचं काही असेल. आत बघते तर पेन्सिलीनं काढलेलं बाळबोध. एकेक अक्षर सुपारीएवढं. "अत्या" यातली वेलांटी... नव्हे, त्यात वेलांटी नसते, मलाच डोळ्यांपुढे धुकं आलं होतं. हात धुतले, देवघरात गेले, मग वाटलं तिथे नको, म्हणून विहिरीकडच्या पडवीत येऊन वाचलं. चार वेळा वाचलं. इथे उतरवून ठेवते, म्हणजे मी बरोबर वाचलं की नाही तुला कळेल.

"अत्या, मला वाचता येतं. जुन्या कागदांतले तीन वाचले. अडतीस राहिले. ते बांधून ठेवलेत, एकटी वाचणार नाही. एकदा ह्यांच्या तोंडून ऐकलं, एकदा हिल्डाबाईंच्या. आता कागद घेऊन मी येते. तुम्ही वाचा, मी समोर बसते. एक अक्षर गाळायचं नाही. मग बघू. लावण्याच्या मोठ्या सुट्टीत, आडी महिन्याच्या अठराला, आम्ही तिघं."

बरोबर आहे ना?

संध्याकाळी वत्सला आली. "काय म्हणते सून?"

"येते म्हणते. ऐकायला."

"काय ऐकायला?"

"माझं."

"अय्यो, हे नवीन! आमच्या सुना सांगायला येतात." आणि हसत सुटली. हसू दे. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही. सांगेन.

तुझं पत्र आल्यावर दुसऱ्या दिवशी मी उत्तर लिहिलं होतं. त्यात लिहिलं, की बाई, माझे डोळे गेले, आता वाचवत नाही, तू आपली वाचून मोकळी हो. डोळे बरे आहेत माझे, परवा सुईत दोरा ओवला. तो कागद चुलीत घातला. हेही तुला सांगून ठेवते, कारण त्या दिवशी मला पुन्हा असं काही सुचेल. बायकांना काय, डोकं दुखतं म्हणता येतं, पूजा राहिलीय म्हणता येतं. म्हणालेच तर ऐकू नकोस.

तू म्हणतेस समोर बसते. समोर नको, शेजारी बस. ओळीखाली बोट धरून बस. तुला आता अक्षर येतं, मी "टाक" च्या जागी "ठेव" म्हटलं तर बोटानं थांबव मला. मुलाची आई आहे मी, त्याला जमलं ते मलाही जमेल.

कुठल्या कागदात काय आहे हे मला महिनाभर रोज आठवतंय. ९१ च्या दिवाळीचा वाईट आहे, त्यात तुझ्या आईवर गेले आहे मी. सासऱ्यांच्या वर्षश्राद्धाच्या वेळचा त्याहून वाईट. लावण्या झाली तेव्हाचा एक चांगला आहे, मला खात्री होती. मग आठवलं, शेवटच्या ओळीत "पुढच्या वेळी तरी मुलगा" असं आहे. तोही वाचीन, शेवटच्या ओळीसकट.

तुझ्या मनात असेल तर लावण्याला त्या दिवसांत वत्सलाबरोबर ओरत्तनाडूला जुन्या धर्मशाळेचं छत्रम बघायला पाठवू. तिनं अज्जीच्या तोंडून हे ऐकू नये असं मला वाटतं. पण एकदा तिनं ते नाश्त्याच्या टेबलावर परक्या बाईच्या तोंडून ऐकलंय, तर तू म्हणशील तसं. सूरीला मात्र घरातच ठेवायचा. त्यानं बसून ऐकायचं. मधे बोलायचं नाही.

तुझ्या "मग बघू" पाशी मी रोज येऊन थांबते. त्यात काय आहे ते मी विचारत नाही. अडतीस कागद झाल्यावर तू उठून पापनाशमला तुझ्या आईकडे गेलीस, तर मी तुझी पेटी दारापर्यंत आणून देईन. राहिलीस तर आडी अठराला नदीवर पूजेला जायचं असतं, ओल्या पिवळ्या दोऱ्याचं, चित्रान्नाचं सगळं मी करून ठेवते. दोन्ही तयार ठेवते.

स्वेटर पेटीतून काढले. एकाला कसर लागली होती. बाकीचे उन्हात घातले, आणि आता पहाटे कोलम घालताना एक घालते. लोक विचारतात, फागुनात स्वेटर? मी म्हणते, सुनेनं पाठवलाय.

एवढं लिहून झालं, पण जीव निघत नाही कागदावरून. परत एकदा तुझं पत्र बघून तारीख ताडून घेतली. वर तमिळ महिना लिहिलास, खाली इंग्रजी, म्हणजे माझी चूक व्हायला नको. आडी अठरा, सोमवार, ३ ऑगस्ट. मद्रासच्या सकाळच्या गाडीनं, तिघं.

अंबा